जाणता शेतकरी कसा घडतो?

ज्याने चाळीस पावसाळे पाहिले त्याचा शब्द प्रमाण, अशी आपल्या खेड्यापाड्यांतील जुनी समजूत आहे. पेरणी केव्हा धरावी, बेणे कोणाकडून घ्यावे, पिकावर पडलेल्या रोगास काय उपाय करावा, असा प्रश्न पडला म्हणजे आपण कोणा वडीलधाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो. अलीकडे पुष्कळ गावांत त्या ओसरीची जागा कृषी सेवा केंद्राच्या दुकानाने घेतली आहे. ओसरीवरचा वृद्ध असो किंवा दुकानातील विक्रेता असो, आपण त्याला जाणता मानतो आणि त्याच्या शब्दावर एका हंगामाचे कर्ज व घराची वर्षाची बेगमी पणास लावतो. म्हणून जाणतेपण कशाने येते, आणि कशाने ते केवळ आल्यासारखे भासते, हा पंडितांपुरता विषय नाही. त्यात शेतकऱ्याचा नफा-तोटा गुंतलेला आहे. मानसशास्त्रज्ञांनी गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत ह्या प्रश्नाचा बराच छडा लावला असून, त्यातील शेतीला लागू पडेल तेवढा भाग येथे मांडण्याचे योजिले आहे.

जाणत्याची दृष्टी

प्रथम जाणत्या मनुष्यापाशी असे काय असते की जे नवशिक्यापाशी नसते, ते पाहू. डी ग्रूट नावाच्या डच विद्वानाने बुद्धिबळपटूंच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून तो १९४६ साली प्रसिद्ध केला. पटाईत खेळाडू इतरांपेक्षा फार पुढच्या चालींचा हिशेब करीत असतील, अशी साधारण कल्पना असते. त्याला आढळले ते निराळेच. खऱ्या डावातील पट काही क्षण दाखवून झाकला, तरी पटाईत खेळाडू बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडून दाखवी. नवशिक्याला थोडीच आठवत. पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस व सायमन ह्यांनी तोच प्रयोग करून त्यात एक भर घातली. त्यांनी मोहरी कशीही, अर्थहीन रीतीने मांडून पाहिली. तेव्हा पटाइताची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. ह्याचा अर्थ असा की, त्याची स्मरणशक्ती जात्या मोठी नव्हती. अनेक वर्षांच्या खेळाने त्याच्या मनात डावांचे हजारो नमुने साठले होते, आणि समोरचा पट त्याला सुटी सुटी मोहरी न दिसता चारपाच ओळखीच्या आकृत्या दिसत होता.

शेतातही हेच घडते. नवखा मनुष्य हळदीच्या वाफ्याकडे पाहतो तेव्हा त्याला हिरवी पाने दिसतात. जाणत्याला त्याच दृष्टिक्षेपात पानांचा फिका पडलेला रंग, वाफ्याच्या सखल कोपऱ्यात साचलेली ओल आणि तेथील ढिले पडलेले खोड ही तिन्ही एकत्र दिसतात, व कंदकुजीची शंका त्याच्या मनात आपोआप येते. त्याला विचारले तर कारण सांगताना तो कदाचित अडखळेल. परंतु त्याची नजर खरी असते. ह्याच प्रयोगातून दुसरीही एक गोष्ट निघते. ही दृष्टी ज्या क्षेत्रात कमावली तेथेच चालते. हळदीत मुरलेला मनुष्य द्राक्षांच्या मळ्यात नवशिकाच ठरतो. एका विषयातील जाणत्याला सर्वच विषयांत प्रमाण मानण्याची जी आपली सवय आहे, ती म्हणूनच धोक्याची आहे.

नुसत्या सरावाने काय होते

आता ही दृष्टी येते कशी? पुष्कळ वर्षे काम केल्याने, असे उत्तर कोणीही देईल. एरिक्सन ह्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिन येथील संगीत विद्यालयातील व्हायोलिनवादकांची पाहणी करून १९९३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावरून दहा हजार तासांच्या सरावाने कोणीही निष्णात होतो असे एक सूत्र लोकांत पसरले. परंतु निबंधाचा आशय तसा नव्हता. उत्कृष्ट वादकांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला अभ्यास सरासरीने दहा हजार तासांहून अधिक भरला हे खरे. पण तो अभ्यास विशिष्ट प्रकारचा होता. जे अजून जमत नाही तेवढेच हाती घ्यावयाचे, चूक कोठे झाली हे गुरूकडून समजून घ्यावयाचे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत तोच भाग पुन्हा करावयाचा, असा तो क्रम होता. पुढील संशोधकांनी असेही दाखविले की, सरावाने सर्वच फरक उलगडत नाही. मनुष्यामनुष्यांत उपजत भेदही असतात. तथापि मुख्य मुद्दा कायम राहतो. काम एकदा बऱ्यापैकी जमू लागले आणि ते सवयीने होऊ लागले की शिकणे थांबते. त्यानंतरची वीस वर्षे म्हणजे एकाच वर्षाची वीस वेळा केलेली नक्कल होय.

निकाल कळला पाहिजे

आपल्या जिल्ह्यातीलच एक उदाहरण घेऊ. वसमत भागाच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे पीक मे-जूनमध्ये लावतात आणि सुमारे नऊ महिन्यांनी काढतात. मग हळद शिजवून वाळवावी लागते. ह्या एकाच पिकात दोन निरनिराळ्या प्रकारचे जाणते लागतात. एक हळद शिजविणारा व दुसरा बेणे निवडून लागवडीचा बेत ठरविणारा. पूर्वी काहिलीवर शिजविणारा असो वा आता वाफेच्या बॉयलरवर उभा राहणारा असो, तो फेसावरून आणि वासावरून अंदाज बांधतो, हळकुंड दोन बोटांत दाबून पाहतो, त्यात काडी खुपसून पाहतो. काडी सहज आत गेली की हळद उतरावयाची. कमी शिजली तर वाळण्यात बिघडते, अधिक शिजली तर रंग जातो. अंदाज बरोबर होता की नाही हे काडी तत्क्षणी सांगते, आणि दोन आठवड्यांत वाळलेले हळकुंड मोडताना होणारा खणखणीत आवाज तेच पुन्हा सांगतो. असे धडे त्याला एका हंगामात शेकड्यांनी मिळतात. म्हणून दोनतीन हंगामांत शिजविणारा तरबेज होतो.

बेणे निवडणाऱ्याचे तसे नाही. त्याला वर्षातून एकच धडा मिळतो, आणि तोही संशयित. पीक चांगले आले ते बेण्यामुळे, की पावसामुळे, की त्या वावराला मागील साली दिलेल्या शेणखतामुळे, हे त्याला कळावे कसे? शिवाय जूनमध्ये आपण नेमके काय अनुमान केले होते ते फेब्रुवारीत बरोबर आठवत नाही. पीक साधले तर आपला अंदाज खरा होता असे वाटते, बुडाले तर पाऊस दोषी ठरतो. चाळीस वर्षांत चाळीस धडे, आणि त्यांतील निम्म्यांचा अर्थ लागलेला नाही, अशी त्याची स्थिती असते. ह्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही. दोष धड्याच्या स्वरूपात आहे.

मानसशास्त्राचा निष्कर्षही असाच आहे. डॅनियल काहनेमन हा मनुष्याच्या अंदाजांतील चुका शोधणारा विद्वान, तर गॅरी क्लाइन हा आग विझविणाऱ्या पथकांच्या अनुभवी नायकांच्या अचूक निर्णयांचा अभ्यासक. दोघांची मते परस्परविरुद्ध समजली जात. त्यांनी एकत्र बसून २००९ साली एक निबंध लिहिला, आणि जाणत्याच्या मनात उमटलेल्या अंदाजावर विश्वास केव्हा ठेवावा ह्याच्या दोन अटी एकमताने सांगितल्या. एक, ज्या विषयाचा अंदाज करावयाचा त्यात काही नियम असला पाहिजे. दुसरी, तो नियम शिकण्याची संधी, म्हणजे अंदाजानंतर खरा निकाल कळण्याची सोय, त्या मनुष्याला दीर्घकाळ मिळालेली असली पाहिजे. आपला अंदाज किती खात्रीचा, हे अमेरिकेतील हवामान सांगणारे फार चांगले ओळखतात असे आढळून आले आहे. पावसाचा अंदाज आज लिहून दिला की उद्या आभाळच त्याचा निकाल लावते, हे त्याचे एक कारण होय.

देखण्या कणसांची गोष्ट

जेथे निकाल कळत नाही तेथे काय होते, ह्याचे उत्तम उदाहरण शेतीतच सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या आयोवा प्रांतात मक्याच्या कणसांची प्रदर्शने भरत. सुबक, लांब, सारख्या ओळींच्या कणसांना बक्षिसे मिळत आणि तेच बियाणे उत्तम समजले जाई. होल्डन नावाचे एक प्राध्यापक ह्या परीक्षेत मोठे अधिकारी मानले जात. हेन्री वॉलेस हा शाळकरी मुलगा होता. त्याने १९०४ साली होल्डन ह्यांनी पारखलेल्या कणसांचे दाणे घेतले, प्रत्येक कणसाची स्वतंत्र ओळ पेरली, आणि पीक निघाल्यावर प्रत्येक ओळीचे वजन केले. सर्वांत देखणे ठरलेले कणीस उत्पन्नात मागे पडले.

हाच वॉलेस पुढे १९२३ साली मक्याच्या परीक्षकांच्या मनात काय चालते ह्यावर एक निबंध लिहिता झाला. अनुभवी परीक्षकांनी शेकडो कणसे पाहून सांगितलेले उत्पन्नाचे अंदाज त्याने प्रत्यक्ष उत्पन्नाशी ताडून पाहिले. परीक्षकांचा एकमेकांशी बराच मेळ बसत होता. पण उत्पन्नाशी फारच थोडा. कणसाच्या लांबीला ते सर्वजण फाजील महत्त्व देत होते. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, हे परीक्षक लबाड नव्हते, आळशीही नव्हते. त्यांनी हजारो कणसे हाताळली होती. परंतु पारखलेले कणीस पुढे पेरले जाऊन त्याचा काटा त्यांच्या दृष्टीस कधी पडत नसे. त्यांचे शिक्षण झाले ते एकमेकांच्या मतांवर. जाणत्यांचे एकमत झाले म्हणजे सत्य सापडले, असे समजू नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आणेवारी आणि काटा

महसुली कचेरीत ज्याचे आयुष्य गेले त्याला ह्या ठिकाणी आणेवारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सोळा आणे म्हणजे पुरे पीक, ह्या मापाने गावचे पीक नजरेने पाहून आकडा ठरविण्याची रीत फार जुनी. पुढे तिलाच पैसेवारी म्हणू लागले. आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर, ह्या प्रश्नाकडे दुष्काळाच्या साली अवघा गाव डोळे लावून बसतो. पण नुसत्या नजरेने सांगितलेल्या आकड्याची पडताळणी व्हावी कशाने? बांधावरून पाहणारा वर्षानुवर्षे आकडे सांगतो आणि ते खरे की खोटे हे त्याला कोणीच कळवीत नाही. मक्याच्या परीक्षकांचीच ही दशा.

ही उणीव ओळखून १९४० च्या दशकात आपल्या देशात पीक कापणीचे शास्त्रशुद्ध प्रयोग सुरू झाले. त्या कार्यात बंगालचे प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांच्याबरोबरच सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा मोठा वाटा आहे. शेत आणि शेतातील तुकडा मर्जीने न निवडता सोडत पद्धतीने निवडावयाचा, दोरीने मोजून ठराविक क्षेत्र कापावयाचे, मळणी करून काट्यावर वजन घ्यावयाचे, हे त्याचे सार. आज अंतिम पैसेवारी व पीक विम्याची भरपाई ह्यांना अशा प्रयोगांचा आधार असतो. आपल्या शिवारात असा प्रयोग होईल तेव्हा शेतकऱ्यांनी तेथे जातीने हजर राहावे. हक्काच्या दृष्टीने ते आवश्यक आहेच. शिवाय कापणीपूर्वी आपला अंदाज कागदावर टिपून ठेवला, तर आपल्या नजरेची परीक्षाही त्याच काट्यावर फुकट होते.

नांदेड गावचे दादाजी

आता ज्याने स्वतःच्या शेतात हा मार्ग चोखाळला अशा एका शेतकऱ्याचे उदाहरण सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. आपल्या शेजारच्या नांदेड शहराशी त्याचा संबंध नाही. तेथील दादाजी खोब्रागडे ह्यांची जमीन जेमतेम दीड एकर आणि शिक्षण प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांपुरते. १९८३ साली पटेल-३ ह्या भाताच्या पिकात त्यांना काही लोंब्या निराळ्या, पिवळसर दाण्याच्या दिसल्या. तशा लोंब्या आसपासच्या पुष्कळांच्या शेतांत पूर्वी येऊन गेल्या असतील. इतरांनी त्या बाकीच्या भाताबरोबर कापल्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, पुढील साली शेतात लहानशा तुकड्यावर स्वतंत्र पेरल्या आणि काटेरी कुंपण घालून जपल्या. दरवर्षी निवड करीत त्यांनी ते बियाणे वाढविले. बारीक दाण्याचा, खावयास चांगला असा तो तांदूळ बाजारात गेला, तेव्हा त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी ह्या नावाचा वाण प्रसृत केला. श्रेय कोणाचे ह्यावर पुढे वाद झाला. दादाजींनी मात्र काम न थांबविता आणखीही अनेक वाण निवडून काढले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

ह्या चरित्रात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. निराळी लोंबी दिसणे हे नजरेचे काम झाले. भातात आयुष्य घातल्याने ती नजर आली. परंतु ती लोंबी वेगळी पेरणे, हे जाणतेपणाचे खरे काम होय. आपल्या नजरेवर त्यांचा विश्वास होता, तरी निकाल मागितल्यावाचून ते राहिले नाहीत. वॉलेसच्या ओळी आणि दादाजींचा कुंपण घातलेला तुकडा, दोहोंचे मर्म एकच.

कच्चे मडके

आपल्याच जिल्ह्यातील नर्सी हे नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाते. संतमंडळीत गोरोबा कुंभारांनी थापटण्याने प्रत्येकाचे मस्तक थापटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचे सांगितले, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा परमार्थ बाजूला ठेवून येथे फक्त व्यवहाराचा अर्थ पाहू. परीक्षा करणारा कुंभार होता. थापटलेल्या मडक्याचा आवाज आणि भट्टीतून निघालेले मडके, ह्यांची सांगड त्याने सहस्रावधी वेळा घातली होती. म्हणून त्याच्या कानाला अधिकार होता. आणि ज्यांची कीर्ती आधीच पसरली होती अशा नामदेवांनी, प्रथम राग आला तरी, शेवटी तो निर्णय मानला व औंढ्यास विसोबा खेचरांकडे जाऊन ते शिष्य झाले, असे परंपरा सांगते. कीर्ती आणि पक्केपणा ह्या दोन वस्तू भिन्न आहेत. ज्याला कोणी कच्चा म्हणू शकत नाही, तो कच्चाच राहण्याचा संभव अधिक.

आपण काय करावे

आता प्रत्यक्ष उपाय. पहिला, एक साधी वही ठेवावी. निकाल कळण्यापूर्वी अंदाज लिहावा आणि त्याचे कारणही लिहावे. उदाहरणार्थ, विहिरीजवळच्या वावरात सोयाबीन एकरी किती क्विंटल होईल, आणि तसे का वाटते. मळणीनंतर त्याच ओळीपुढे काट्याचा आकडा लिहावा. पाच वर्षांनी ती वही कोणत्याही सल्लागारापेक्षा स्पष्ट बोलेल.

दुसरा, नवे बियाणे, नवे खत वा नवे औषध सबंध वावराला कधीही एकदम देऊ नये. एक पट्टी नव्याची, लगत एक पट्टी जुन्याची, पुन्हा एक नव्याची व एक जुन्याची, असा क्रम ठेवावा. म्हणजे जमिनीच्या उतारामुळे वा पोतामुळे पडणारा फरक झाकला जातो. चारही पट्ट्यांचे माप वेगवेगळे घ्यावे. वजन न करता डोळ्यांनी निकाल लावला तर पट्ट्या आखण्याचे श्रम वाया गेले.

तिसरा उपाय धड्यांची संख्या वाढविण्याचा आहे. आपले वावर वर्षातून एकदाच पिकते, पण शेजाऱ्यांचीही पिकतात. कापणीपूर्वी दहा शेजाऱ्यांच्या शेतांतून हिंडून अंदाज टिपावेत आणि मळणीनंतर खरे आकडे विचारावेत. म्हणजे जे चाळीस धडे स्वतःच्या वावरात चाळीस वर्षांनी मिळाले असते, ते चार वर्षांत पदरी पडतात. तरुण पिढीला हा उपाय विशेष करून सांगण्यासारखा आहे.

चौथा, आपल्याहून जाणत्याबरोबर हिंडताना निर्णय विचारू नये; त्याने काय पाहिले ते विचारावे. तसेच त्याच्याआधी आपला अंदाज बोलून दाखवावा. बेणे निवडणाऱ्या अनुभवी बायका एक गड्डा ठेवतात व दुसरा टाकतात, तेव्हा टाकलेला गड्डा हाती घेऊन कारण विचारले तर तासाभरात पुष्कळ शिकावयास मिळते.

राहिला प्रश्न दुसऱ्याच्या सल्ल्याचा. सल्ला देणाऱ्यास नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात. मागील साली हाच सल्ला कोणाला दिला होता? त्याच्या शेतात पुढे काय झाले, ते आपण स्वतः पाहिले काय? आणि कोठे हा सल्ला फसला काय? जो विक्रेता माल दिल्यावर शेतात कधी जात नाही, त्याला आपली औषधे गुणकारी वाटणे साहजिक आहे. ज्यांचे पीक गेले ते गिऱ्हाईक बहुधा पुन्हा फिरकत नाही. उलट, कोणाच्या वावरात आपला सल्ला चुकला हे जो साल व गाव धरून सांगतो, त्याचे म्हणणे वयाने लहान असला तरी ऐकावे.

आपल्या संस्थेने येत्या खरिपापासून इच्छुक सभासदांच्या अशा वह्या वर्षातून एकदा एकत्र वाचण्याची प्रथा पाडावी, अशी सूचना आहे. कोणाचा अंदाज किती चुकला हे चारचौघांत वाचून दाखविण्यास प्रथम संकोच वाटेल. परंतु गावातील खरे जाणते कोण हे त्यातून उघड होईल, आणि कर्ज काढून बियाणे आणणाऱ्या शेतकऱ्यास कोणाच्या ओसरीवर जावे ते कळेल.